बापम्मा

शाळेत घरची माणसं सांगताना मी म्हणाले, बापम्मा.
गुर्जरबाई थांबल्या. बाप की अम्मा?
वर्ग हसला.
घरी येऊन रडले,
तर मांडीवरचं सूप खाली न ठेवताच ती म्हणाली,
"बरोबर इचारली तुझी बाई. दोन्ही."
आजोबा गेले तेव्हा पप्पा पाच वर्षांचे होते.

करीमनगरकडच्या कुठल्याशा गावातून ती आली
रझाकारांच्या वर्षी,
मावशीच्या पदराला धरून.
वय चौदा असेल. बारा असेल.
रेशनकार्डावर कुणी एक जून टाकला,
तो तिला आवडला.
दर एक जूनला कामाठीपुऱ्याच्या गल्लीत
ती पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटायची.
सरकार बोलतंय म्हणजे जन्मली असणार.

पान भिजवायचं, फर्म्यावर ठेवून कापायचं,
जर्दा चिमटीत,
वळायचं, टोक मुडपायचं, दोरा.
दिवसाला हजार विड्या.
हात तिथे, डोळे दुसरीकडे,
दुधावर, दारावर, पप्पांच्या पाढ्यांवर.
भाव मराठीत करायची, भांडण हिंदीत,
देव आणि मोजणी तेलुगूत.
ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु
अशी पंचवीसपर्यंत,
मग दातांनी दोरा तोडून कट्टा बाजूला
आणि पुन्हा ओकटी.

कंपनीचा चेकर वाकड्या म्हणून मूठभर विड्या छाटायचा
आणि संध्याकाळी त्याच ओढायचा.
हिने एकदा त्या उचलून त्याच्यासमोर चुरगाळल्या.
"मी पीत नाही. तू पण फुकट पिऊ नको."
आठवडाभर पान मिळालं नाही.
ती गोष्ट सांगताना आठवडाभर काय खाल्लं
ते कधी सांगितलं नाही.

दसऱ्याआधी बतकम्मा रचायला
तिला तंगेडू हवा असायचा, पिवळा.
दादरच्या फूलबाजारात बाईबाईला
बोटांनी पाकळ्या करून दाखवायची.
झेंडू घे म्हणायच्या सगळ्या.
एका वर्षी पुरंदरकडची एक म्हातारी म्हणाली,
अगं, हा तर तरवड! आमच्या माळाला कोण विचारतंय त्याला?
पुढच्या वर्षी पोतंभर घेऊन आली.
पैसे घेईना,
म्हणून बापम्माने तिला विड्यांचा कट्टा दिला.
मग दोघी फुटपाथवर बसल्या,
एक ओढत,
एक आपलं काम बघत.

गावी एकदाच गेली, साठ वर्षांनी, मला घेऊन.
ती बोलायला लागली की तिथली पोरं
एकमेकांकडे बघायची.
काय गं, विचारलं,
तर म्हणाली, माझे शब्द म्हातारी झाले इथं.
दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी
पहाटेच पिशवी भरून दारात उभी.
"चल. गल्ली वाट बघतो."
सत्तर वर्षं मुंबईत काढून
तिची गल्ली पुल्लिंगीच राहिली.
मी कधी सुधारली नाही.
लहान होते तेव्हा सुधारायचे, खरं तर.
मोठ्याने. लोकांसमोर.

वॉर्ड ऑफिसात फॉर्मवर
व्यवसायापुढे बाबूने विचारण्याआधीच
गृहिणी लिहिलं होतं.
खोडायला लावलं.
विडी कामगार.
आता काय फरक पडतो मॅडम, म्हणाला,
पण खोडलं त्याने,
पट्टी लावून, नीट.

दिवसाच्या जेवणाला खाली मांडव घातला.
वाढप्याने विचारलं, किती पानं?
मी दारात उभी राहून मोजायला लागले.
ओकटी, रेंडु, मूडु,
सातव्या गल्लीतल्या दोघी, चेकरचा मुलगा,
तरवडवालीची नात,
इरवै ऐदु.
आणि अडले.
त्यापुढचे आकडे मला येत नाहीत.
त्यापुढे तिने कधी मोजलंच नव्हतं.
वाढपी हातात पळी घेऊन उभा,
आणि माणसं अजून
गल्लीतून येतच होती.